शाळेची वाट कुठं तुटते?

सदर : जाता-येता

मंडळी, ‘शाळेत न जाणारं मूल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते सहा-सात वर्षांचं, विस्कटलेल्या केसांचं, रस्त्याच्या कडेला खेळणारं पोर. मदतीचं आवाहन करणाऱ्या पत्रकांवर फोटोही त्याचाच असतो. ते पाहून आपला हात खिशाकडे जातो, आणि जावाच.

पण आजचं चित्र बरंच निराळं आहे. आज शाळेबाहेर असलेलं मूल बहुधा इतकं लहान नसतंच. ते पंधरा-सोळा वर्षांचं असतं. सात-आठ वर्षं शाळेत जाऊन आलेलं असतं. त्याला आपलं नाव लिहिता येतं, एस.टी.ची पाटी वाचता येते, बाजाराचा हिशेब करता येतो. फक्त कुठल्या तरी एका जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते परत गेलं नाही, एवढंच. त्याचा फोटो कुणी छापत नाही, कारण ते तोवर कुठं तरी कामाला लागलेलं असतं. मुलगी असेल तर कदाचित सासरीही गेलेली असते.

आकडे दिसले की पान उलटायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण आज दोन मिनिटं थांबा. युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे २०१८ साली जगात सुमारे २५ कोटी ८० लाख मुलं-मुली शाळेबाहेर होती. त्यांतली प्राथमिक शाळेच्या वयाची ५ कोटी ९० लाख, साधारण बारा ते चौदा वर्षांची ६ कोटी २० लाख आणि पंधरा ते सतरा वर्षांची तब्बल १३ कोटी ८० लाख. २०२४ च्या अहवालात एकूण आकडा २५ कोटी १० लाख असा दिला आहे. म्हणजे मधल्या वर्षांत फरक पडला तो नावापुरताच.

आता गरीब आणि श्रीमंत देश शेजारी-शेजारी ठेवून बघा. २०१८ च्याच आकड्यांत, अगदी गरीब देशांतली प्राथमिक वयाची १९ टक्के मुलं शाळेबाहेर होती. श्रीमंत देशांत हे प्रमाण होतं २ टक्के. फरक आहेच. पण पंधरा ते सतरा या वयाकडे या, आणि तोच फरक होतो ६१ टक्के विरुद्ध ८ टक्के! गरीब देशातल्या शंभर मुलांपैकी एकसष्ट जणांच्या हाती त्या वयात वही-पेन नाही. आपल्या घरातली मुलं ज्या वयात ड्रायव्हिंग लायसन्स आणि कॉलेजच्या अर्जांवरून आपल्याशी वाद घालतात, त्याच वयाची ही मुलं. पहिलीच्या वर्गात गरीब-श्रीमंतांतलं अंतर बरंच कमी झालं आहे. ते खरं उघडं पडतं आठवीच्या पुढे.

असं का व्हावं? मुलं तीच, डोकी तीच. मग चौदाव्या वर्षी काय होतं?

एक तर शाळा लांब जाते. चौथीपर्यंतची शाळा गावात, वाडीवर कुठं तरी असते. हायस्कूल मोठ्या गावात. मध्ये पाच-सात किलोमीटर, एखादा ओढा आणि दिवसातून दोनदा येणारी एक बस. दुसरं म्हणजे खर्च. प्राथमिक शाळेची फी बहुतेक देशांनी माफ केली आहे; हायस्कूलची अनेक ठिकाणी आजही भरावी लागते, आणि जिथं फी नाही तिथं गणवेश, पुस्तकं, परीक्षा फी, बसभाडं आहेच. तिसरी गोष्ट आपल्या चटकन लक्षात येत नाही. आठ वर्षांच्या पोराला कुणी मजुरीवर घेत नाही, पंधरा वर्षांच्याला घेतात. म्हणजे त्याला शाळेत धाडायचं तर बापाने फी भरायची ती वेगळी, आणि घरात येऊ शकणारी मजुरी सोडायची ती वेगळी. आणि चौथी गोष्ट मुलींची. वयात आलेली मुलगी लांबच्या शाळेत एकटी पाठवायची, तिथं धड संडासही नाही, त्यापेक्षा घरीच बरी, असं म्हणणारे आईबाप दुष्ट नसतात. त्यांना काळजी असते.

या चार गोष्टींच्या जोडीला कायदाही चौदाव्या वर्षीच हात काढून घेतो. भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. फार मोठी गोष्ट झाली. पण तो हक्क आहे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेत मिळणारं दुपारचं जेवणही आठवीपर्यंतच. दुसरीकडे बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला मनाई आहे (घरच्या कामधंद्यात शाळेची वेळ सोडून केलेली मदत वगळून), आणि चौदा ते अठरा या वयात फक्त धोक्याच्या कामांना मनाई आहे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. ज्या वाढदिवशी शाळेचा हक्क संपतो, त्याच वाढदिवशी कामाची मुभा मिळते. गरिबाच्या घरी याचा अर्थ काय लावला जातो, हे मी वेगळं सांगायला नको.

आपल्याला वाटतं, श्रीमंत देशांचं बरं आहे, त्यांच्याकडे पैसा होता म्हणून त्यांना हे जमलं. इथं अमेरिकेत आपण बहुतेक जण आलो ते पदव्या खिशात घालून. त्यामुळे इथलं हायस्कूल कसं उभं राहिलं, ती गोष्ट आपल्या कानावर आलेलीच नसते. ती ऐकण्यासारखी आहे.

१९१० साली या देशात हायस्कूल पुरं करणाऱ्यांचं प्रमाण होतं शंभरातले फक्त नऊ! बाकीचे शेतावर, गिरणीत, खाणीत. हायस्कूल ही श्रीमंतांची चैन समजली जाई. मिशिगनमधल्या कॅलमझू गावाने करातून हायस्कूल चालवायला घेतलं, तेव्हा तिथले काही करदाते चक्क कोर्टात गेले. लिहिण्या-वाचण्यापुरती शाळा ठीक, त्यापुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडून कर कशाला, असं त्यांचं म्हणणं. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. हळूहळू इतर राज्यांनीही तीच वाट धरली. आयोवा, नेब्रास्का, कॅन्सससारख्या शेतकरी मुलखातल्या छोट्या छोट्या गावांनी स्वतःवर कर बसवून घेतले, हायस्कुलं बांधली, लांबच्या मुलांसाठी गाड्या सुरू केल्या. १९३८ साली मुलांच्या मजुरीवर केंद्राचा कायदा आला. १९४० साल उजाडलं तेव्हा शंभरातली पन्नास मुलं हायस्कूल पुरं करत होती. तीस वर्षांत नवाचे पन्नास! दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांना मात्र यातून वगळलेलं होतं. तिथल्या कित्येक कौंट्यांत त्यांच्यासाठी हायस्कूलच नव्हतं, आणि त्या अन्यायाची किंमत हा देश अजून चुकवतो आहे.

हार्वर्डच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांनी या सगळ्याचा कसून अभ्यास केला. (त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते स्त्रियांच्या नोकरी-कमाईवरच्या कामासाठी.) त्यांचं सांगणं असं, की विसाव्या शतकात अमेरिका पुढे गेली याचं एक मोठं कारण ही हायस्कुलं. म्हणजे पैसा आला म्हणून शाळा झाल्या, एवढीच ही कथा नाही. शाळा झाल्या म्हणूनही पैसा आला. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की आपण कुरकुरतो खरे, पण त्यातला मोठा भाग शाळांकडे जातो. आणि स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घर घेणारी माणसं आपणच ना?

कुणी म्हणेल, अमेरिकेचं सोडा, तिच्याकडे जमीन अफाट. मग एका चिमुकल्या बेटाची गोष्ट घ्या, आणि तीही आपल्या नात्यातली. मॉरिशसमध्ये १८३४ पासून जे गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे आपले लोकही होते. त्यांची पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात. या बेटाचं भवितव्य काय, याचा अहवाल १९६१ साली जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लिहिला होता. सूर निराशेचा : लोकसंख्या वाढतेय, ऊस सोडला तर काही नाही, कसं व्हायचं? पुढे मीडसाहेबांना १९७७ साली नोबेल मिळालं, आणि गंमत बघा, त्याच १९७७ साली मॉरिशसने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं. तोपर्यंत बहुतेक हायस्कुलं खाजगी, फी भरून जायची. एकाच मुलाची फी परवडत असेल तर ती मुलाची भरली जायची, मुलीची नाही. फी गेली आणि मुली शाळेत दिसू लागल्या. पुढे २००५ साली शिक्षण सोळा वर्षांपर्यंत सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांना बसप्रवासही फुकट केला. शेजारच्या आफ्रिका खंडातल्या अनेक देशांशी तुलना केली तर मॉरिशस आज कुठल्या कुठे आहे.

आफ्रिकेतही हालचाल आहे. युगांडाने २००७ साली, केनियाने २००८ साली माध्यमिक शाळेची शिकवणीची फी सरकारने भरायला सुरुवात केली. घानाने २०१७ साली वरचं माध्यमिक शिक्षण मोफत केलं. तिथं मुलांची इतकी गर्दी झाली की २०१८ पासून शाळा आळीपाळीने भरवाव्या लागल्या : निम्मी मुलं शाळेत, निम्मी घरी. सकाळची शाळा आणि दुपारची शाळा यांत वाढलेल्या आपल्या पिढीला याचं नवल वाटायला नको! टीका खूप झाली, पण त्या गर्दीचा अर्थ एकच, की मुलांना शिकायचं होतं, अडलं होतं ते पैशाशी.

याच घानामध्ये एक सुरेख प्रयोग झाला होता. परीक्षा पास झालेले, हायस्कुलात प्रवेशही मिळालेला, पण पैशाअभावी गेलेच नाहीत असे दोन हजारांवर विद्यार्थी संशोधकांनी शोधले. त्यांतल्या ६८२ जणांना २००८ साली चिठ्ठ्या टाकून शिष्यवृत्ती दिली, आणि पुढे कित्येक वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. हा प्रयोग करणाऱ्यांत एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर होते. २०१९ चं नोबेल या दोघांना अभिजित बॅनर्जींबरोबर मिळालं. (बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, तेव्हा थोडा मान आपल्याकडेही!) निष्कर्ष काय? शिष्यवृत्ती मिळालेल्यांत शाळा पुरी करणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दीडपट झालं. मिळकतीत एकदम मोठी उडी दिसली नाही, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितलं आहे. पण शिकलेल्या मुलींना मुलं उशिरा आणि कमी झाली. ‘हायस्कूल शिकून काय दिवे लावणार, नोकऱ्या कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्यांनी हे उत्तर ध्यानात ठेवावं. नोकरी लागो न लागो, त्या मुलीच्या पुढच्या पिढीचं घर बदलतं.

आता आपल्याकडे वळू. भारत सरकारची २०२१-२२ ची आकडेवारी सांगते : प्राथमिक वर्गांत पटनोंदणी १०३ टक्के (वयाने मोठी मुलंही त्या वर्गांत बसतात, म्हणून शंभराच्या वर), सहावी ते आठवी ९४.७, नववी-दहावी ७९.६ आणि अकरावी-बारावी फक्त ५७.६. जिना उतरावा तसे हे आकडे उतरतात. अमेरिकेत, ओहायो स्टेटला पीएच.डी. करून परत गेलेल्या डॉ. माधव चव्हाणांची ‘प्रथम’ ही संस्था आपल्याला ठाऊक आहे. तिच्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांना भेटून पाहिलं, तेव्हा चौदाव्या वर्षी शाळेबाहेर होती ३.९ टक्के, आणि अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. त्याच पाहणीत असंही दिसलं की या वयाच्या चौथा हिस्सा मुलांना दुसरीचं पुस्तकही सरळ वाचता येत नाही. म्हणजे नुसतं पटावर नाव असून भागत नाही. पण म्हणून पटावरचं नाव गेलं तरी चालेल, असं थोडंच आहे?

आकड्यांमागचं माणूस बघायचं तर बीड जिल्ह्यात जावं. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघतात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. शाळेचं निम्मं वर्ष कारखान्याच्या फडावर. तोडणीला जोडपं लागतं. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. मग सोळा वर्षांच्या मुलाचं लग्न लावलं की घरात एक कोयता वाढतो. आईबाप फडावर गेल्यावर वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर. अशा घरातल्या मुलीला नववीच्या पुस्तकांचा संच भेट देऊन काय होणार? तिला हवं आहे ते मागे राहण्यासाठी सुरक्षित छप्पर आणि दोन वेळचं जेवण. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण गरज त्याहून मोठी आहे.

साधे उपाय किती परिणाम करतात, हे बिहारने दाखवलं. तिथं २००६ साली नववीत नाव घालणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. अभ्यासकांनी नंतर मोजलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली होती, आणि शाळा जितकी लांब तितका फायदा जास्त. महाराष्ट्रातही मुलींना एस.टी.चा मोफत पास, सायकली अशा योजना आहेत. एक सायकल म्हणजे काही क्रांती नव्हे. पण पाच किलोमीटरचं अंतर तिनेच तोडलं.

आणि हे सगळं आपल्या मातीत कुणाला सुचलंच नव्हतं असं थोडंच आहे! आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा वार लावून शिकले. पण वार लावायची सोय ज्यांना होती त्यांना होती. ज्यांच्या पोरांना कुणी ओसरीवरही चढू देत नसे, त्यांच्यासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली महात्माजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० साली साताऱ्याला सयाजीराव महाराजांच्या नावाने मोफत हायस्कूल निघालं. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे मजुरी बुडते या अडचणीला दिलेलं रोकडं उत्तर होतं. भाऊरावांनी हायस्कुलाच्या आधी बोर्डिंग काढलं, यात सगळं आलं. मुलाला धडा शिकवण्याआधी त्याच्या निजण्या-जेवण्याची सोय लागते, हे त्यांना कुणा नोबेलवाल्याने सांगावं लागलं नाही.

आता आपल्याबद्दल थोडं. आपली मंडळं गेली कित्येक वर्षं गावाकडच्या शाळांना मदत पाठवतात. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ती मदत कशासाठी जाते? बहुतांशी दहावीत पहिल्या आलेल्याला बक्षीस, संगणक, नाही तर वर्गखोलीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ पाटी. बोर्डात नव्वद टक्के मिळवणाऱ्याला कुणी ना कुणी हात देतंच. त्याचं नाव पेपरात येतं. पन्नास-बावन्न टक्क्यांवर पास झालेली, तालुक्याला राहायची सोय नाही म्हणून अकरावीला न गेलेली मुलगी मात्र कुणाच्याच यादीत नसते. शाळाबाह्य मुलांच्या त्या आकड्यांत तिच्यासारख्याच जास्त. आणि खरं सांगायचं तर आपल्यात तरी सगळे कुठे बोर्डात आले होते? ई.बी.सी.च्या सवलतीवर, मामाकडे राहून, पंचावन्न टक्क्यांवर पुढे सरकलेली आणि आज इथं उत्तम बस्तान बसवलेली माणसं प्रत्येक मंडळात आहेत.

‘हे तिथल्या सरकारचं काम आहे’ असं काही जण म्हणतील. अगदी बरोबर. कोट्यवधी मुलांची शाळा देणग्यांवर चालत नाही, ती करांवरच चालते, हे कॅलमझूच्या गोष्टीतही दिसलं. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेच २०३० पर्यंत बारावीपर्यंत सगळी मुलं शाळेत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे, आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी तसाच शब्द दिला आहे. आपण तिथं जातो तेव्हा आमदार, जिल्हा परिषदेचे सदस्य हार घेऊन भेटतात. त्यांना हायस्कूलच्या बसबद्दल, मुलींच्या वसतिगृहाबद्दल विचारायला आपल्याला कुणी अडवलं आहे? पण सरकार हलेपर्यंत यंदाच्या जूनमध्ये जिची आठवी झाली, तिची नववी थांबून राहत नाही.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. येत्या वार्षिक सभेत शिष्यवृत्तीचा विषय निघेल तेव्हा गुणांची अट एकदा तपासून पाहू या. बक्षिसाच्या रकमेतला निम्मा भाग तरी ‘पहिल्या’ मुलांऐवजी ‘पुढे जाऊ न शकणाऱ्या’ मुलांसाठी काढून ठेवावा : वसतिगृहाचा खर्च, बसचा पास, अकरावी-बारावीची फी. आणि तो एका वर्षापुरता नको. नववीत धरलेला हात बारावीपर्यंत सोडायचा नाही, अशा हिशेबाने. मुलांची निवड गावातल्या मुख्याध्यापकांनी आणि बाईंनी करावी. कोण जूनमध्ये परत येणार नाही, हे त्यांना मार्चमध्येच कळलेलं असतं. समारंभ, फोटो, पाटी यांतलं काही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पटलं तर कार्यकारिणीला दोन ओळी लिहा. नाही पटलं तर मला लिहा, पुढच्या अंकात त्यावर बोलू. असो.